बॉण्डवरचा प्लॉट आणि चार खोल्या

बीडमध्ये सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे, त्यातल्या चार खोल्या भाड्यानं दिल्या आहेत. शिवाय बार्शी रोडच्या बाजूला दोन गुंठ्यांचा एक प्लॉट आहे. त्याला आपला म्हणावं का, हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

१. बॉण्डवर ताबा मिळतो, मालकी मिळत नाही

2014 साली ह्यांनी आणि मी शंभर रुपयांच्या बॉण्डवर नोटरी करून तो प्लॉट घेतला. माझ्या फंडातून काढलेले पैसे त्यात गेले. "तुकडा पडत नाही, पण सगळे असंच घेतात, बाई," मध्यस्थ म्हणाले, आणि खरंच सगळे घेत होते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी रोखली होती, नोकरदाराला मात्र दीड-दोन गुंठेच परवडतात. शेती टिकावी म्हणून आलेला हा कायदा शहर वाढलं तसा घर बांधू पाहणाऱ्याच्या वाटेत उभा राहिला. हे सरकारच्या ध्यानात यायला फार वर्षं लागली, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागानं परिपत्रक काढून अशा दस्तांची नोंदणी थांबवली. मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं. ऑगस्ट 2023 मध्ये जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे असं नवं प्रमाण आलं. तुकडा नियमित करायचं शुल्क बाजारभावाच्या 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अध्यादेश निघाला की 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले, निवासी भागातले तुकडे विनाशुल्क नियमित होतील. दर बातमीला मी कपाटातून तो बॉण्ड काढायचे. घड्यांवर तो विरला आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे.

२. सातबाऱ्यावर आधी 'इतर हक्क' वाचा

मालकाचं नाव सगळेच बघतात, 'इतर हक्क' मात्र वाचत नाहीत. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळात देवस्थानांना, दर्ग्यांना, सेवेकऱ्यांना इनाम दिलेल्या जमिनी इथं गावोगाव आहेत. खिदमतमाश, मदतमाश हे शब्द किंवा 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं की थांबायचं. मामेबहिणीनं इसार द्यायच्या आदल्या दिवशी जुना फेरफार काढला, तेव्हा जमीन इनामी निघाली. मूळ मुंतखब, म्हणजे इनामाचा दस्त, उर्दूत होता आणि तो वाचून देणारं माणूस शोधायला तिला आठवडा लागला. तो आठवडा गेला, पण इसाराचे पैसे वाचले.

३. भाडेकरार नोंदवाच

सासऱ्यांच्या काळी इथं हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे कायदा होता. 31 मार्च 2000 पासून सगळ्या राज्याला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम 55 नुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं.

हे मी अनुभवातून शिकले. एका भाडेकरूनं निघताना, तीन हजार नव्हे, दोन हजारच ठरले होते असं सांगितलं. माझ्याकडे दाखवायला एक वही होती, माझ्याच अक्षरातली. आता चार हजारांच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार करते. मुद्रांक अकरा महिन्यांच्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे सुमारे एकशे दहा रुपये, आणि शहरात नोंदणी हजार रुपये. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि ती साफ चुकीची आहे.

४. भाडेकरूचं वर्ष कुठं सुरू होतं ते बघा

माझ्या एका खोलीत आजी दोन नातींना घेऊन राहते. मुलींचे आईवडील दसरा-दिवाळीला कोयता घेऊन उसाला जातात आणि पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की परततात. त्यांच्या हाती पैसा येतो तो उचलीच्या रूपात, एकदम. दरमहा येत नाही. म्हणून त्यांच्या करारात सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घ्यायचं आणि उरलेलं ते परतल्यावर, असं मी लिहून घेतलं. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, कुणाला घराबाहेर काढू नका, अशी सूचना सरकारनं काढली. त्याच महिन्यात ऊसतोड मजूर जिल्ह्यात परतत होते. मला पेन्शन आहे, ज्यांचं घर भाड्यावरच चालतं त्यांना ते जड गेलं. तरी ती सूचना योग्यच होती.

५. सवलत सरकार देतं, सही वारस देतात

अध्यादेश आला, पण बॉण्डवाल्याला खरेदीखत नोंदवावंच लागतं आणि मुद्रांक भरावाच लागतो. आम्हाला प्लॉट देणारे गृहस्थ मधल्या काळात वारले. ह्यांनाही जाऊन तीन वर्षं झाली. सातबाऱ्यावर आता पाच वारसांची नावं आहेत.

17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली आणि जमिनीचे भाव बदलले. त्या गृहस्थांच्या थोरल्या मुलाकडे गेले, तेव्हा त्यानं मला चहा दिला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी तुमच्या शाळेत होतो. पण तेव्हाचा भाव आणि आताचा भाव..." पुढचं त्याला बोलवलं नाही. मी बॉण्ड टेबलावर पसरला. त्याच्या वडिलांची सही चिकटपट्टीखाली होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

चार जणांनी होकार दिला आहे. धाकटी बहीण पुण्याला असते. ती आली की पाचही जण माझ्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात येणार आहेत.