आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नको

ये, बस. चहा होईल मागून, आधी ती वही काढ पिशवीतून. फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच समजलं, शाळेतून रडत आलीस म्हणून.

हे पाय, या ओळीत. 'भाकर'ची 'माकर' झाली, 'धर'चं 'घर' झालं, आणि जोडाक्षर आलं तिथं पोराने जागाच सोडून दिली. खाली लाल शाईत शेरा : 'अभ्यासात लक्ष नाही'. बाई, पान जरा उजेडाकडे धर. खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. लक्ष नसलेलं पोट्टं कागद फाटेपर्यंत खोडत बसतं का? आणि हाच पोरगा परतवाड्याच्या बाजारात संत्र्याचा हिशेब तुझ्याआधी तोंडी सांगतो.

माझ्या थोरल्याचंही असंच होतं, आणि मी त्याला मारलं. पाचवीपर्यंत मारलं. शुद्धलेखनाची वही उघडली की त्याचे खांदे वर जायचे, मार चुकवायला. ते खांदे मला अजून दिसतात. म्हणून सांगते, आज घरी जाऊन त्याला एक शब्दही बोलू नको.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचण्यातली अडचण असेल तर डॉक्टर डिस्लेक्सिया म्हणतात, लिहिण्यातली असेल तर डिसग्राफिया, गणितातली असेल तर डिसकॅल्क्युलिया. हे मंदबुद्धीपण नाही. तुझ्या पोराला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासणीतच कळेल. पण तपासणी मागायचा हक्क तुझा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार धरले, त्यात हा एक आहे. त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये लिहिलंय की अशी अडचण लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर शिकवण्याचे उपाय करणं हे शाळेचं काम आहे. अनुदानित शाळा असो की नुसती मान्यतेची, दोन्हीला लागू. तेव्हा हात जोडून उभी राहू नको.

तू आज जे केलंस ते तोंडी होतं. बाईंना सांगितलं, मोठ्या सरांना सांगितलं, 'बघू' म्हणाले, विषय संपला. मीही वर्षभर तसंच करत होते. कागद दिला तेव्हा हललं. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज लिही. 'हुशार आहे हो माझा' हे त्यात नको. काय दिसतं ते लिही : कोणती अक्षरं उलटसुलट होतात, फळ्यावरून उतरवायला किती वेळ लागतो, तोंडी काय येतं आणि लेखी काय येत नाही. वहीच्या चार पानांची झेरॉक्स जोड. दोन प्रती ने. एक त्यांना दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घे. क्लर्क 'ठेवून जा' म्हणेल. बसून राहा.

'अजून लहान आहे, पुढच्या वर्षी पाहू' असं म्हणतील. केंद्राने 2018 मध्ये ज्या सूचना काढल्या, त्यात तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच प्राथमिक चाळणी करावी असं सांगितलं होतं. तुझा तर चौथीत गेला. शाळा हललीच नाही तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचार. शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची? त्यांच्या यादीतही शिकण्यातली अडचण आहे. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि डॉक्टरांना वही दाखव.

तपासणीला आधी डोळे आणि कान पाहतात, ते बरोबरच आहे. मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची खास चाचणी. तो मराठीत शिकतो, तर मराठीत वाचायला लावा म्हणून आग्रह धर. एका दिवसात होत नाही. आम्ही अमरावतीला तीनदा गेलो, पन्नासेक किलोमीटर, सकाळच्या एसटीने. डबा घे, पोराला भुकेलं चाचणीला बसवू नको.

सासूबाई म्हणतात ना, शिक्का बसेल म्हणून? शिक्का तर कधीचाच बसलाय. वर्गात 'ढ' म्हणतात त्याला, तूच सांगितलंस. तपासणीनंतर मिळणाऱ्या सर्टिफिकेटने बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो. आपल्या महाराष्ट्रात अशा मुलांना 1996 पासून सवलती आहेत, आणि किती आयांना हे माहीतच नाही, याचा मला फार राग येतो. पण नुसत्या सवलतीवर थांबू नको. त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवलं पाहिजे, अक्षर हाताने गिरवून, आवाज फोडून. ते मागणंही अर्जातच लिही.

पोराला काय सांगायचं? मी माझ्याला सांगितलं की तुझ्या डोक्यात अक्षरं जरा वेगळ्या वाटेने जातात, ती वाट शोधायला आपण डॉक्टरांकडे चाललो. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी ढ नाही?" आणि एसटीत माझ्या मांडीवर झोपून गेला.

चल, त्या कपाटातून कोरा कागद आण. उजव्या कोपऱ्यात आधी तारीख टाक. मजकूर मी सांगते, पण अक्षर तुझं आणि सही तुझी.