जखमेतील विष : पानिपतच्या एका मृत्यूचे कथन

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात जे पडले त्यांच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. परंतु जे जखमी होऊन उरले आणि मागाहून मेले, त्यांच्या मृत्यूचे कथन कसे घडते याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात अशा एका मृत्यूचा विचार करावयाचा आहे.

इब्राहीमखान गारदी जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडला. त्याची हकीकत काशीराज पंडिताने दिली आहे. हा दक्षिणी पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, युद्धसमयी छावणीत हजर होता, आणि सुमारे १७८० साली त्याने आपला वृत्तांत फारसीत लिहिला. पुढे जेम्स ब्राऊनने तो इंग्रजीत आणला. काशीराज सांगतो की शुजाने खानाला आश्रय दिला होता. अफगाणांनी कल्लोळ केल्यावर वजीर शहावलीखानाने त्यास आठवडाभरासाठी आपल्या हवाली करून घेतले. आणि तेथे जखमांवर औषधी लेपाऐवजी विषारी लेप लावल्याने तो सातव्या दिवशी मरण पावला.

मुदत आठवड्याची आणि मृत्यूही सातव्या दिवशी, ही जुळणी कथनाच्या दृष्टीने फार नेटकी आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तिच्यात नवल काहीच नाही. उघड्या जखमा, मळके कापड, एकाची जखम पुसून दुसऱ्याला लागणारे हात : एवढ्या सामग्रीवर जखम चिघळून रोगजंतू रक्तात उतरावयास आठवडा पुरतो, विषाची गरज पडत नाही. यावरून विष दिलेच नव्हते असे अर्थात सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की दोन्ही मृत्यू बघणाऱ्याला सारखेच दिसले असते.

मग 'विष' हा निर्णय आला कोठून? येथे समशेरबहाद्दराचे उदाहरण ताडून पाहावे. बाजीराव-मस्तानीचा हा पुत्र त्याच रणात घायाळ होऊन सूरजमल जाटाच्या मुलखात पोचला; तेथे त्याची शुश्रूषा झाली, तरी तो वाचला नाही. त्याच्या जखमेत कोणी विष कालविल्याचे सांगत नाहीत, कारण तो स्नेह्याच्या घरी मेला. शत्रूच्या छावणीतला मृत्यू तेवढा दगा ठरला. स्नेह्याकडचा दैवाच्या खाती गेला. जगण्यालाही कर्ता लागतोच. महादजी शिंद्यांचा पाय कायमचा अधू झाला, पण ते वाचले, आणि त्यांना उचलून नेणारा राणेखान भिस्ती कथेत अमर झाला. त्यांची जखम रक्तात का भिनली नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

दगा आणि दैव या दोन कोटींच्या मध्ये तिसरी कोटी या कथनांना उपलब्धच नव्हती. सेमेलवाइसने १८४७ मध्ये व्हिएन्नात हात धुण्याचा आग्रह धरला, लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाची जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. त्यानंतरच द्वेष न करता मारणारा हात कल्पनेत आला.

या तिसऱ्या कोटीचे आजचे ठळक उदाहरण अतिदक्षता विभागात सापडते. मानेतील, गळपट्टीच्या हाडाखालील वा जांघेतील मोठ्या शिरेत नळी घालून औषधे देतात. व्यवहारात तिला 'सेंट्रल लाइन' म्हणतात. ही हेतुपूर्वक केलेली, उपकारक जखमच होय. कातडीवरील जंतू नळीच्या बाहेरील अंगाने, किंवा तिच्या जोडापाशी लागलेल्या हातांवरून, आत शिरतात, नळीवर चिकट थर करून राहतात आणि तेथून रक्तात पसरतात. प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात १०३ अतिदक्षता विभागांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. हात धुणे, नळी घालताना संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, क्लोरहेक्सिडीनने कातडी पुसणे, शक्यतो जांघ टाळणे, गरज संपताच नळी काढणे : या पाच साध्या गोष्टींनी दर हजार नळी-दिवसांमागे २.७ असलेले संसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आले.

म्हणजे असा मृत्यू पुष्कळदा टाळता येण्याजोगा असतो. दैव म्हणून तो सोडून देता येत नाही. आणि तो दगाही नव्हे. तरीही रुग्णाचे आप्त आजही 'अंगात विष पसरले' असेच म्हणतात, आणि त्या एका शब्दात रोगाचे वर्णन कोठे संपते व आरोप कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण असते. 'जंतुसंसर्ग' हा शब्द अचूक खरा, पण त्यात कोणाचाच हात दिसत नाही. 'निष्काळजीपणा' हा कचेरीतला शब्द, तो शोकाच्या तोंडी बसत नाही.

शहावलीखानावरील आरोप याच भाषिक अडचणीच्या प्रकाशात वाचावयास हवा. काशीराज लिहितो तेव्हा घटनेला जवळजवळ वीस वर्षे लोटलेली होती, आणि तो लिहीत होता आश्रय देऊन पुढे कैदी हवाली करणाऱ्या शुजाचा सेवक म्हणून. मृत्यू वजिराच्या विषाने झाला असे ठरले, तर शुजाकडे विश्वास ठेवल्याचाच काय तो दोष उरतो.