पुरवठादाराचे साधन, आपला सर्व्हर

१ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्याच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणारा उतारा त्यामुळे घरबसल्या मिळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु अशी सेवा पुरविणारा सर्व्हर ऐन पेरणीच्या तोंडावर बंद पडला, तर खोळंबा शेतकऱ्याचाच होतो. म्हणून सर्व्हरची उभारणी कशी होते व त्याची जबाबदारी कोणाची, हे संबंधित अधिकाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

आभासी सर्व्हर म्हणजे काय?

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, त्याप्रमाणे एका मोठ्या संगणकाची शक्ती विभागून त्यात अनेक स्वतंत्र सर्व्हर निर्माण करता येतात. यांनाच आभासी सर्व्हर म्हणतात. केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली २०१४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा याच तत्त्वावर आधारलेली आहे.

साधनाचे कार्य

सॉफ्टवेअरचा पुरवठादार बहुधा उभारणीचे साधनही देतो. सर्व्हर किती, त्यांची स्मृती व साठवण किती, हे एका फाइलीत लिहून दिले की साधन ठरावीक नमुन्यावरून सर्व्हर उभे करते व त्यांवर सॉफ्टवेअर बसविते. त्यामुळे वेळ वाचतो आणि सर्वत्र एकसारखी रचना होते. मात्र साधन त्या फाइलीलाच प्रमाण मानते. कर्मचाऱ्याने मागाहून हाताने केलेला बदल तीत नोंदविला नसेल, तर पुढील खेपेस तो पुसला जाण्याचा संभव असतो.

जबाबदारी कोणाची?

सर्व्हरची व्यवस्था कार्यालयाकडे असेल, तर संचालन प्रणालीची अद्ययावतता, राखीव प्रती व प्रवेशाचे अधिकार ही कामे कार्यालयाचीच राहतात; करारात वेगळी तरतूद असल्यास गोष्ट निराळी. म्हणून पुढील दक्षता घ्यावी:

१. साधन प्रथम चाचणी सर्व्हरवर चालवावे.

२. पुरवठादारास आवश्यक तेवढेच अधिकार, मुदतीपुरते द्यावेत व काम संपताच काढून घ्यावेत.

३. राखीव प्रत अन्य ठिकाणी ठेवावी. सर्व्हरचे तात्कालिक चित्र, म्हणजे ‘स्नॅपशॉट’, बहुधा त्याच साठवणीवर असते. ते राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. प्रतीवरून माहिती परत मिळते की नाही, हेही पडताळावे.

४. प्रत्येक बदल वर्णनाच्या फाइलीत व नोंदवहीत लिहावा.

५. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्यात.

साधन पुरवठादाराचे असले, तरी अभिलेख जनतेचे आहेत. त्यांची राखण दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही.