कोवळ्या वयाचे नायकत्व : यमू आणि पांडुरंग

कादंबरीतील मध्यवर्ती पात्र आणि नायक या दोन संज्ञा आपल्या समीक्षेत पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. प्रौढ पात्रांच्या बाबतीत ही ढिलाई खपून जाते. पात्र कोवळ्या वयाचे असले की ती अडचणीची ठरते. संस्कृत नाट्यविचाराने धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार मानले. ‘धीर’ हे पद चारही ठिकाणी समान आहे. नायकाचा स्वभाव स्थिर झालेला आहे, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. ज्याचे घडणे अद्याप चालू आहे आणि ज्याच्या आयुष्याचे निर्णय बहुधा इतरांच्या हाती आहेत, त्याचे नायकत्व मग कोणत्या निकषावर ठरवावयाचे?

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’मधील यमू या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८९० पासून ‘करमणूक’मधून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या कादंबरीत ती आपली कहाणी स्वतःच सांगते. तिचे लग्न इतरांनी ठरविले. शिक्षणाची वाट पती रघुनाथरावांमुळे खुली झाली. त्यांच्या मृत्यूनंतर तिचे केशवपनही बळजबरीने करण्यात आले. तिने स्वतः ‘केले’ असे फारच थोडे. तेव्हा तिला रूढीचा बळी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मैत्रीण दुर्गीचा संसार आणि आपला संसार यमू शेजारी शेजारी ठेवते, आणि चांगला नवरा मिळणे हा निव्वळ योगायोग होता हे वाचकाला दिसू लागते. दैव, रीत, घराण्याची अब्रू ही वडीलधाऱ्यांची स्पष्टीकरणे ती नोंदविते. पण त्यांनी तिचे समाधान होत नाही. हा नकार कृतीत उतरू शकत नाही, म्हणून तो निवेदनात उतरतो. तिचे नायकत्व मी येथे पाहतो. (सुधारणावादी कादंबरी म्हणून ही कृती शिकविताना नेमका हाच भाग आपण वर्गात घाईने उरकतो.)

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर त्यामानाने कितीतरी मोकळा. पुण्यातील महाविद्यालय, वसतिगृह, घरून येणारे पैसे हे सारे त्याला लाभले आहे. त्याचे बंड चालते तेही वडिलांच्या पैशावर. शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परततो, यावरून त्याला ‘पराभूत नायक’ म्हणणे म्हणजे परीक्षेचा निकष कादंबरीला लावणे होय. मात्र त्याच्या उपहासालाच नायकत्व समजणेही तितकेच चुकीचे. सगळ्याची टर उडविणारा तरुण कोणत्याही वसतिगृहात सापडतो. धाकटी बहीण मनी मरते तेव्हा हा उपहास थिटा पडतो. घरच्यांच्या शोकात सामील होऊन हलके होणे त्याला साधत नाही. मिळणारे प्रत्येक सांत्वन त्याला खोटे वाटते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांच्या आड लपणारा हा मुलगा तेथे प्रथमच उघडा पडतो.

यमूच्या आरोपाला प्रतिवादी आहे : रूढी आणि ती चालविणारी माणसे. पांडुरंगाचा आरोप वडिलांपासून निघून जगण्यापर्यंतच पोहोचतो आणि तेथे त्याला उत्तर देणारे कोणीच उरत नाही. दोघेही मात्र मागे वळून सांगतात. म्हणजे त्यांच्या कोवळ्या वयामागे थोरला निवेदक उभा आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधील (२००४) नववीतला मुकुंद बोलतो तो नववीतल्याच समजुतीने. आणीबाणीच्या काळातील मोठ्यांचे जग त्याच्या कानावर येते, पण त्याचा अर्थ त्याला पुरता लागत नाही. नकाराचा वर मांडलेला निकष त्याला लावू गेल्यास तो अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे.