मोबाईलमधली ‘खाण’ आणि गटाची पेटी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, वह्या मिटायची वेळ आली, तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक ताई हळूच म्हणाली, “मॅडम, मोबाईलवर बिटकॉइनचं मायनिंग करतात, ते खरं असतं का?”

तिने मोबाईल दाखवला. त्या ॲपमध्ये तिच्या नावावर ४१,००० रुपये दिसत होते. तिने भरले होते १५,०००. तेही गटाकडून शेळ्यांसाठी म्हणून घेतलेल्या अंतर्गत कर्जातले. सुरुवातीला दोन वेळा ६०० रुपये खरोखर खात्यावर आले, म्हणून विश्वास बसला. आता पैसे काढायला गेली तर समोरचा माणूस म्हणतो, “आधी ४,००० रुपये टॅक्स भरा.” ते ४,००० कुठून आणावेत, हे विचारायला ती बैठकीत बसून राहिली होती.

ही गोष्ट तिच्या परवानगीने सांगतेय. गावाचं आणि गटाचं नाव मुद्दाम घेत नाही. पण तिचा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

बिटकॉइन म्हणजे काय?

आपल्या गटात कोणी किती बचत केली, कोणाला किती कर्ज दिलं, हे आपण वहीत लिहितो. वही सचिवाकडे असते आणि बैठकीत सगळ्यांसमोर वाचली जाते. बिटकॉइन हीसुद्धा एक वहीच आहे, पण कॉम्प्युटरमधली. कोणी कोणाला किती नाणी दिली, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. फरक असा की ती एका सचिवाकडे नसते. तिची प्रत जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर असते, त्यामुळे एकट्याला खाडाखोड करता येत नाही.

ही कल्पना २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी मांडली. तो माणूस नक्की कोण, हे अजून उघड झालेलं नाही. जानेवारी २००९ मध्ये या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत, असा नियम त्यातच घातलेला आहे.

मग मायनिंग म्हणजे काय?

वहीला सचिव नाही, तर नवं पान लिहायचं कोणी? त्यासाठी शर्यत लागते. नंबरचं कुलूप डोळ्यासमोर आणा. नंबर माहीत नाही, तर एकेक नंबर लावून बघायचा. हेच काम यंत्रं करतात. साधारण दर दहा मिनिटांनी कुठल्यातरी एका यंत्राला बरोबर नंबर सापडतो. त्याच्या मालकाला नवं पान लिहायचा मान आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. याला मायनिंग म्हणतात, म्हणजे खाणकाम. यात जमीन खणायची नसते, वीज जाळून नंबर शोधायचे असतात.

हे बक्षीस साधारण दर चार वर्षांनी निम्मं होतं. २००९ मध्ये एका पानाला ५० नाणी मिळायची. एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात. म्हणजे जगभर मिळून दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी.

सुरुवातीच्या काळात लोकांनी घरच्या कॉम्प्युटरवर मायनिंग केलं, हे खरं आहे. तेव्हा शर्यतीत माणसं थोडी होती. आता या कामासाठी खास यंत्रं बनतात. त्यातलं एक चांगलं यंत्र एका सेकंदाला २०० लाख कोटी नंबर तपासतं. आपल्या मोबाईलने त्या शर्यतीत उतरणं म्हणजे चमच्याने विहीर उपसण्यासारखं आहे.

चला, हिशोब करू

पेन घ्या. हा हिशोब बैठकीत पाटीवर मांडा.

असं एक यंत्र साधारण ३,५०० वॉट वीज खातं. म्हणजे जवळपास पाच एचपीची शेतातली मोटर, आणि ती चोवीस तास चालू.

तासाला ३.५ युनिट, दिवसाला ८४ युनिट. आपल्यातल्या कितीतरी घरांना महिन्याला एवढी वीज पुरते.

युनिटला १० रुपये धरले तर दिवसाचं लाईट बिल ८४० रुपये. घरगुती मीटरवर इतके युनिट जाळले तर दर याहूनही चढतो.

आता मिळकत बघू. २०२४ च्या मध्याला जगभरातली सगळी ताकद मिळून अशा साधारण ३० लाख यंत्रांएवढी होती. ४५० नाणी ३० लाख यंत्रांत वाटली, तर एका यंत्राच्या वाट्याला दिवसाला ०.०००१५ नाणं येतं. त्या वेळी एका बिटकॉइनचा भाव ५० लाख रुपयांच्या पुढे-मागे होता. म्हणजे दिवसाची मिळकत झाली साधारण ७५० रुपये.

मिळकत ७५०, लाईट बिल ८४०. यंत्राची किंमत लाखांच्या घरात, ती यात धरलेलीच नाही. पंख्यांचा आवाज, उष्णता, वारंवार जाणारी लाईट हे वेगळंच. भाव वाढला तर आणखी लोक यंत्रं लावतात आणि आपला वाटा कमी होतो. म्हणून हा धंदा जिथे वीज फार स्वस्त मिळते तिथे, मोठमोठ्या शेडमध्ये चालतो.

आता सांगा, ज्या ॲपला आपण ना वीज दिली, ना यंत्र दिलं, ते ॲप रोज पैसे कुठून देणार?

मग ते ६०० रुपये आले कुठून?

आपल्या गटात महिना १ किंवा २ टक्के व्याज असतं. ते कुठून येतं हे आपल्याला माहीत असतं. एकीने म्हैस घेतली, दूध डेअरीला घातलं, त्यातून हप्ता भरला. पैसा कोणाच्या कष्टातून आला, ते आपण बोट दाखवून सांगू शकतो.

समजा, दहा बायकांनी प्रत्येकी १०,००० रुपये एखाद्या योजनेत भरले. एक लाख जमले. योजनावाला दर महिन्याला १० टक्के देतो, म्हणजे सगळ्यांचे मिळून १०,०००. त्याने काहीही न कमावता हे दहा महिने चालू शकतं, कारण तो आपलेच पैसे आपल्याला परत देतोय. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपण खूश होतो आणि बहिणीला, जावेला, शेजारणीला सांगतो. त्यांचे पैसे आले की गाडी आणखी पुढे जाते. नवीन माणसं यायची थांबली की ॲप बंद.

हे फक्त खेड्यात घडतं असं समजू नका. ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात बिटकॉइन मायनिंगच्याच नावाखाली महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं गेलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या प्रमुखाला पुणे पोलिसांनी अटक केली. ईडीच्या म्हणण्यानुसार लोकांकडून सुमारे ६,६०० कोटी रुपयांची बिटकॉइन गोळा करण्यात आली होती. त्यात शिकलेली, शहरात राहणारी माणसंही होती. तेव्हा फसलेल्या बाईला “तुला अक्कल नव्हती का?” असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

आणि खरंखुरं नाणं विकत घेतलं तर?

हाही प्रश्न येतो, विशेषतः शहरात नोकरी करणाऱ्या मुलांकडून. त्याचं सरळ उत्तर देते.

भारतात क्रिप्टो विकत घेणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांवर घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केली. पण ते आपल्या नोटेसारखं कायदेशीर चलन नाही. कोणी तुम्हाला “सरकारमान्य कॉइन” म्हणून काही विकत असेल, तर तिथेच थांबा.

भाव फार हलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरला होतं. वर्षभरात ते १६,००० डॉलरच्या खाली आलं. म्हणजे रुपयाचे चार आणेही उरले नाहीत. पुढे भाव पुन्हा चढला, पण ज्या बाईला मधल्या काळात मुलीची फी भरायची होती, तिला तो चढ बघायला मिळाला नसता.

नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर लागतो. हा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

बँकेत ठेवलेल्या पैशाला ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रिप्टोला असा विमा नाही. खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांना सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या देशातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले.

म्हणून ज्याला हौसच असेल, त्याने स्वतःच्या कमाईतले, गेले तरी चूल बंद पडणार नाही एवढेच पैसे लावावेत. कर्ज काढून नाही, आणि गटाच्या पैशातून तर नाहीच. गटाची बचत एकट्या-दुकट्या बाईची नसते. तिच्यात दुसरीच्या बाळंतपणाचा, तिसरीच्या खताचा पैसा असतो.

या खुणा लक्षात ठेवा

१. रोजचा किंवा महिन्याचा ठरलेला नफा सांगतात. ज्या वस्तूचा भाव रोज हलतो, तिचा नफा ठरलेला कसा असेल?
२. “आणखी पाच जणी आणा, बोनस मिळेल.” धंदा खरा असेल तर माणसं कशाला लागतात?
३. ॲप प्ले स्टोअरवर नसतं, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर लिंक येते. पण प्ले स्टोअरवर आहे म्हणून खरंच असेल, असंही नाही.
४. पैसे कंपनीच्या नावावर न जाता दरवेळी वेगळ्या माणसाच्या यूपीआयवर जातात.
५. पैसे काढताना आधी “टॅक्स” किंवा “फी” मागतात. सरकारचा कर असा कोणाच्या यूपीआयवर भरायचा नसतो. हे दुसऱ्यांदा लुटणं आहे.
६. “घरी सांगू नका, गटात बोलू नका.” ही सगळ्यात मोठी खूण.

पैसे गेलेच तर

लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच सांगा. ॲप, मेसेज, फोन नंबर काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट काढा आणि पैसे गेल्याचा यूटीआर नंबर लिहून ठेवा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जाताना गटातली एखादी ताई सोबत न्या. एकटीने गेलं की धीर सुटतो.

त्या ताईचं पुढे काय झालं?

तिने ते ४,००० रुपये भरले नाहीत. त्याच दिवशी अध्यक्ष आणि बँक सखी तिला घेऊन तक्रार द्यायला गेल्या. पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते, ते अजून परत आलेले नाहीत, आणि येतीलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. गटाने कर्ज माफ केलं नाही, कारण तो पैसाही बायकांचाच. हप्ते मात्र लहान करून दिले. तिने कर्जाचं कारण खोटं लिहिलं होतं, ते तिने सगळ्यांसमोर कबूल केलं. पुढच्या बैठकीला ती येईल की नाही अशी धास्ती होती. ती आली. आणि वाडीतल्या आणखी तिघींनी तिचं ऐकून आपले पैसे भरायचे थांबवले.

येत्या बैठकीत एवढं करा

* वरचा विजेचा हिशोब एका सदस्याने पाटीवर मांडावा, बाकीच्यांनी तपासावा.
* प्रत्येकीने सांगावं: आपल्याला असा मेसेज किंवा फोन आला आहे का? काय म्हणाले?
* अंतर्गत कर्ज ज्या कारणासाठी दिलं, तिथेच लागलं का, हे महिनाभरात बघून यायची जबाबदारी दोघींना द्यावी.
* “गटाचा पैसा कोणत्याही ॲपमध्ये किंवा कॉइनमध्ये गुंतवला जाणार नाही” असा ठराव इतिवृत्त वहीत लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात.
* १९३० हा नंबर पेटीच्या झाकणावर आतून चिकटवावा.

कोणी नफ्याची गोष्ट घेऊन आलं, तर एकच प्रश्न विचारायचा: “हा पैसा कोणाच्या कष्टातून येतो?” बोट दाखवून उत्तर देता आलं नाही, तर आपली पेटी बंद.