नदीकाठी बांधताना

कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात लहानमोठी बांधकामं करत आलो. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले. त्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

1. आधी पूररेषा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायचंच नाही. दोन्हींच्या मध्ये बांधलं, तर जोतं लाल पातळीच्या वर हवं. ‘100 वर्षांतून एकदा’ ऐकून निवांत होऊ नका. दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का असते, यंदाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. गावातल्या जुन्या भिंतींवरच्या खुणाही बघा.

2. भराव नको, खांब घ्या. एका गुंठ्यावर दीड मीटर भराव टाकला, की सुमारे दीड लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. घर खांबांवर उचला, खालचा मजला मोकळा सोडा, कंपाउंडला भिंतीऐवजी तार लावा.

3. काळी माती ओळखून पाया घ्या. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. तळाशी फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल घेतले तर खोदाईही कमी होते.

4. भिंत पूर चढताना नाही, उतरताना पडते. नदी झपाट्याने खाली जाते, पण भिंतीमागच्या मातीत पाणी तुंबलेलंच असतं. ते भिंतीला नदीकडे ढकलतं. म्हणून काठाला सलग काँक्रीटपेक्षा गॅबियन बरं: तारेच्या जाळीच्या पेटीत दगड, त्यातून पाणी निथळतं. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा आणि टणक हवा, दर्शनी बाजूला हाताने रचलेला. डंपरने ओतलेले दगड पुढे खाली बसतात आणि पेटी फुगते. मागे जिओटेक्स्टाइल कापड लावा, नाहीतर माती दगडांतून वाहून जाते. वरच्या उतारावर वाळा, करंज, वाळुंज लावा. आहेत ती झाडं तोडू नका.

5. खोदकाम दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर आटपा. पायातलं गढूळ पाणी पंपाने थेट नदीत सोडू नका. खड्ड्यात साठवा, गाळ बसू द्या, मग सोडा. राडारोडा काठावर ‘तात्पुरता’ टाकला, तर पहिल्या पुरात तो पुढच्या मोरीत जाऊन अडकतो.

6. मीटर, मोटर, स्विचबोर्ड लाल पातळीच्या वर बसवा. सेप्टिक टँक शक्य तितक्या उंचावर आणि नदीपासून लांब घ्या. पुरात घाण बाहेर येते ती तिथूनच.

निळ्या रेषेच्या आतला प्लॉट स्वस्तात दाखवणारे उन्हाळ्यातच भेटतात. त्याच जागेवर एकदा ऑगस्टमध्ये जाऊन उभे राहा, मगच इसार द्या.