केरियाकाठची वस्ती

चीनच्या वायव्येकडील शिंज्यांग प्रांतात, उत्तरेस तिएनशान आणि दक्षिणेस कुन्लुन या पर्वतरांगांच्या मध्ये, तक्लामाकान हे वाळवंट पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सव्वातीन लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ राजस्थानाएवढे आहे. ‘आत गेलेला परतत नाही’ असा या नावाचा अर्थ प्रवासवर्णनांतून वारंवार दिला जातो. पण ती लोकांनी मागाहून बसवलेली व्युत्पत्ती होय. ‘सोडून दिलेली जागा’ हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो, आणि या प्रदेशाच्या इतिहासाला तोच अधिक शोभतो.

कुन्लुनच्या हिमनद्यांपासून निघालेल्या अनेक नद्या उत्तरेकडे वाहत येतात आणि वाळूत जिरून जातात. केरिया ही त्यांपैकीच एक. एके काळी ती संपूर्ण वाळवंट ओलांडून तारीम नदीला मिळत असे. आता ती अर्ध्या वाटेवरच लुप्त होते. तिचे बहुतेक पाणी उन्हाळ्यात, बर्फ वितळू लागले म्हणजे येते. उरलेल्या काळात पात्र बव्हंशी कोरडे असते. तरीही तिच्या शेवटच्या टप्प्यात, केरिया शहरापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, पिढ्यान्‌पिढ्या उइगूर पशुपालकांची वस्ती होती. तिचे नाव दर्याबोयी, म्हणजे ‘नदीकाठ’. मराठीत ‘दर्या’ म्हटले की समुद्र आठवतो. उइगूर भाषेत मात्र तो शब्द नदीचा वाचक आहे.

वस्ती म्हटल्यावर गाव डोळ्यांपुढे आणू नये. दोन घरांमध्ये कित्येक किलोमीटरांचे अंतर असे, कारण शेळ्या-मेंढ्यांना चारा विरळ आणि प्रत्येक कुटुंबाला कुरण विस्तीर्ण लागे. घरे तोग्राक नावाच्या वाळवंटी पॉप्लर वृक्षाच्या खांबांची, भिंती झाऊच्या फांद्या उभ्या विणून केलेल्या. मधोमध चूल. उथळ विहिरीचे पाणी मचूळ असे. शहरातून आणलेल्या पिठाची कणीक मळून तिची जाड भाकर गरम राखेत आणि वाळूत पुरून भाजीत. तिला कोमेच म्हणतात. राख झटकून ती मोडावयाची आणि चहाबरोबर खावयाची. पाहुण्याला त्यांच्या भाषेतही ‘मेहमान’च म्हणतात, आणि जेथे शेजारी दिवसच्या दिवस दिसत नाही तेथे मेहमानाचे मोल किती असेल, हे वेगळे सांगावयास नको.

तोग्राक वृक्षाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण हे सारे जीवन त्याच्या आधाराने उभे होते. एकाच झाडावर खालच्या कोवळ्या फांद्यांची पाने वाळुंजासारखी निमुळती, तर वरची रुंद व दातेरी असतात. मुळे भूजलापर्यंत पोहोचतात. क्षार त्याला सोसतात. खोडातून पाझरून सुकलेला क्षार लोक कणीक फुगवण्यासाठी वापरीत. नदीने पात्र बदलले तरी ही झाडे दीर्घकाळ तग धरतात. पण पूर पुन्हा आलाच नाही, तर नवी रोपे रुजत नाहीत आणि वन हळूहळू म्हातारे होते. हाच वृक्ष आपल्या लडाखातील नुब्रा खोऱ्यातही आढळतो.

या वाळवंटाशी आपला संबंध वृक्षापुरता नाही. केरियाच्या पूर्वेस निया नदीच्या लुप्त प्रवाहावरील एका ओसाड नगरात ऑरेल स्टाइन याला १९०१ मध्ये खरोष्ठी लिपीतील लाकडी पट्टिका सापडल्या. त्यांची भाषा गांधारी प्राकृत. काळ इसवी सनाचे तिसरे-चौथे शतक. त्यांत उंट, जमीन, पाणी यांबद्दलचे तंटे आणि राजाज्ञा नोंदलेल्या आहेत. स्टाइनने मध्य आशियातून आणलेल्या संग्रहाचा मोठा भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

केरियाकाठच्या काराडोंग या अवशेषस्थळी स्वेन हेडिन १८९६ मध्ये पोहोचला. आदल्याच वर्षी याच वाळवंटात पाण्यावाचून त्याचे दोन सोबती मेले होते. तिसऱ्यासाठी त्याने खोतान नदीतील डबक्याचे पाणी बुटांत भरून नेले. या खेपेस नदीकाठच्या मेंढपाळांची भेट झाली. पुढे १९९० च्या दशकात फ्रेंच व चिनी संशोधकांनी काराडोंगला बौद्ध भित्तिचित्रे शोधून काढली. त्याहूनही प्राचीन तटबंदीचे एक गाव त्यांना आणखी आत, मृत त्रिभुज प्रदेशात आढळले. नदी आखडत गेली तसतशी माणसे तिच्यामागोमाग पर्वताच्या दिशेने सरकली.

अलीकडचे स्थलांतर निराळ्या जातीचे आहे. दारिद्र्यनिर्मूलनाच्या सरकारी योजनेखाली दर्याबोयीच्या रहिवाशांना केरिया शहराच्या बऱ्याच जवळ बांधलेल्या नव्या गावात हलवण्यात आले; हे काम २०१९ मध्ये पूर्ण झाले. तेथे शाळा, दवाखाना, नळाचे पाणी आणि वीज आहे, आणि मचूळ पाणी पिऊन आयुष्य काढलेल्यांना त्याची किंमत कळत नसेल असे मानणे हा दुरून पाहणाऱ्याचा अहंकार ठरेल. परंतु हा निर्णय कोणत्या काळात झाला, तेही विसरता येत नाही. २०१७ पासून शिंज्यांगमध्ये उइगुरांना मोठ्या संख्येने स्थानबद्ध करण्यात आले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२२ च्या अहवालात गंभीर उल्लंघनांची नोंद केली; चीन सरकारने ती नाकारली. वाळवंटातील दर्गे आणि यात्रा यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या उइगूर विदुषी राहिले दावूत डिसेंबर २०१७ मध्ये दिसेनाशा झाल्या, आणि त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. अशा परिस्थितीत एखाद्या कुटुंबाने घर सोडण्यास दिलेली संमती कितपत मोकळी होती, हे बाहेरच्या माणसाला विचारता येत नाही, आणि तेथल्या माणसाला सांगता येत नाही.

कळप मात्र नव्या गावात सामावणारे नव्हते. त्यांचा चारा जुन्या ठिकाणीच, तोग्राकच्या वनात आणि उन्हाळी पुराने ओलावलेल्या जमिनीत आहे.